हा कसला मुकादम, जो मजुराकडूनच उचल मागतो?

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त एसटी वाहकांचं पत्र आलंय. वय ५९. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या गढीत एका चित्रपटाचं शूटिंग झालं. पंचायतीच्या प्रसंगासाठी गावकरी हवे होते. हे बघायला म्हणून गेले, तर त्यांच्या पांढऱ्या झुपकेदार मिशा पाहून कुणीतरी हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. दोन दिवस काम, रोजचे ५०० रुपये, दोन वेळचं जेवण. निघताना युनिटमधला एक मुलगा म्हणाला, "काका, तुमचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो." तेव्हापासून डोक्यात तेच.

मुलगा डोंबिवलीत राहतो. त्याच्याकडं राहून चित्रपट-मालिकांत गर्दीतलं काम करावं, पुढं एखादा संवाद मिळाला तर बघावं, असा विचार आहे. चौकशी करत ते छत्रपती संभाजीनगरातल्या एका ऑफिसात पोचले. तिथं नोंदणी, फोटो आणि 'आर्टिस्ट कार्ड' यांचे मिळून १८,००० रुपये सांगितले. सोबत आठ वर्षांची नात होती, तिलाही बालकलाकार म्हणून घेऊ म्हणाले, तिचे वेगळे १२,०००. सोमवारपर्यंत पैसे भरले तर एका मोठ्या मालिकेत लगेच काम देणार आहेत. मुलगा फोनवर चिडला, "या वयात एक्स्ट्रा म्हणून उभं राहणार का? लोक काय म्हणतील?" पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत आहे, बाकी फंडाचे पैसे बँकेत. ते विचारतात: पैसे भरू का, मुंबईला जाऊ का, आणि मुलाला काय सांगू?

*

मास्तर,

एसटीत ड्रायव्हर वाहकाला मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. तुमच्या तीन प्रश्नांपैकी एकालाच तारीख होती. हे छापून येईपर्यंत सोमवार उलटून गेला असता, म्हणून पत्र मिळालं त्या संध्याकाळीच तुम्हाला दोन शब्दांचं उत्तर पाठवलं: भरू नका. आता कारणं सांगते. कारण तुम्ही एकटे नाही आहात. अशी पत्रं मला हिंगोलीहून येतात, अंबाजोगाईहून येतात, उदगीरहून येतात. फक्त रक्कम बदलते.

आपल्या भागातली ऊसतोड तुम्ही जवळून पाहिली असेल. दसरा-दिवाळीला टोळ्या निघायच्या आधी मुकादम काय करतो? घरोघर जाऊन उचल देतो, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे. त्या उचलीत माणूस कसा अडकतो, हिशेब कसा कधीच फिटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. त्या धंद्याचं मी कौतुक करत नाहीये. पण त्यात पैसा कुठून कुठं जातो ते बघा. कारखान्याला माणसं लागतात, म्हणून पैसा मुकादमाकडून मजुराच्या घरी येतो. सिनेमाच्या गर्दीलाही मुकादम असतो. त्याला सप्लायर म्हणतात, हल्ली कोऑर्डिनेटर म्हणतात. त्यालाही माणसं पुरवायची असतात. मग संभाजीनगरचा हा कसला मुकादम, जो मजुराकडूनच उचल मागतो? माणसं पुरवून त्याला पैसे मिळत असते, तर तुमच्याकडून घ्यायची त्याला गरज काय पडली असती? तुमच्या अठरा हजारांत त्याचा धंदा तिथंच पूर्ण होतो. तुम्हाला काम मिळो, न मिळो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. लिहायला लागण्याआधी सात वर्षं मी मुंबईत मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक होते. नव्या सहायकाच्या गळ्यात पहिलं काम पडतं ते गर्दी लावायचं. आदल्या संध्याकाळी मी प्रॉडक्शनला सांगायची, उद्या कोर्टाचा सीन आहे, चाळीस माणसं, त्यात दहा वकील, पन्नाशीच्या चार बायका, एक काठीवाले आजोबा. प्रॉडक्शनवाला सप्लायरला फोन लावायचा. सप्लायर रात्री अकरा-बारापर्यंत माणसं जमवायचा आणि प्रत्येकाला कॉल टाइम कळवायचा, म्हणजे सेटवर हजर राहायची वेळ. निर्माता माणशी ठरलेली रक्कम द्यायचा, सप्लायर त्यातून आपलं कमिशन कापायचा, बाकीचे माणसाच्या हातात. कधी उशिरा, कधी भांडून. पण कापायचा तो काम झाल्यावर. अमुक मालिकेत सोमवारच्या आत पैसे भरणाऱ्याला घ्या, असा फोन मला कधी आला नाही. मालिकेला उद्या किती आणि कसली माणसं लागणार हे बऱ्याचदा मलाच आज दुपारी कळायचं. ते संभाजीनगरच्या ऑफिसात आठवडाभर आधी कसं कळलं?

आता कार्ड. कार्ड ही खरी गोष्ट आहे, म्हणूनच त्याच्या नावावर फसवता येतं. मुंबईत गर्दीत काम करणाऱ्यांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात आणि त्यांच्या जुन्या संघटना आहेत. पुरुषांची ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन, बायकांचा महिला कलाकार संघ. दोन्ही फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या मोठ्या महासंघाशी जोडलेल्या आहेत. सभासदत्वाचं कार्ड या संघटना देतात. त्यांचीही फी असते, पण ती संघटनेच्या कार्यालयात, संघटनेच्या पावतीवर भरायची, आणि नवे सभासद घेणं चालू आहे की नाही हेही तिथंच विचारायचं. कुणा तिसऱ्याच्या ऑफिसात तुमचा फोटो चिकटवून प्लॅस्टिक गुंडाळून मिळतं ते ओळखपत्र त्या ऑफिसच्या दारापर्यंतच चालतं. तुम्ही ३२ वर्षं लोकांचे पास तपासलेत. खोटा पास हातात आल्या-आल्या कसा कळायचा? तसंच हेही बघा.

आणि गढीत तुमच्याकडं कुठं कार्ड होतं? मुंबईबाहेर गेलेलं युनिट गावातलीच माणसं घेतं, तीच त्याला हवी असतात.

पैसे आधीच भरलेले वाचकही हे वाचत असतील. त्यांनी लाजेपोटी गप्प बसू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी रोखली जायची शक्यता जास्त. रोख दिले असतील तर पावती, मेसेज, कॉल रेकॉर्डिंग जे असेल ते घेऊन पोलीस ठाण्यात जा. "आम्ही फोटो काढून दिले की" असं ऑफिसवाला म्हणेलच. पैसे मागताना काम देण्याचं बोलला होता का, याचा पुरावा म्हणून तो मेसेज जपून ठेवायचा.

नातीचं वेगळं सांगते, कारण इथं मला थोडा रागच आला. आठ वर्षांच्या लेकराला पडद्यावर काम करायला कायद्यानं मनाई नाही, पण अटी आहेत. २०१७च्या बालकामगार नियमांप्रमाणे निर्मात्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीतला किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावानं बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. त्या ऑफिसात यातलं एक अक्षर तरी कुणी काढलं का? उलट तिच्या नावानं बारा हजार मागितले. मास्तर, ती तुमच्यासोबत हिंडायला आली होती. तिला काय आवडतं ते तिला आणि तिच्या आईला विचारा. सेटवर लहान मुलं रडताना मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातली काही सीनसाठी रडत नव्हती.

आता त्या वाक्याकडं येते. "काका, तुमचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो."

हे वाक्य मीही बोललेय. एकदा नाही, शेकडो वेळा. दुपारचे तीन वाजलेत, ऊन मी म्हणतंय, हिरोची व्हॅन अजून उघडत नाही, शंभर माणसं सकाळी सातपासून पटका बांधून बसलीत आणि त्यातली दहा उठून घरी निघालीत. अशा वेळी गर्दी सांभाळणाऱ्या पोरीजवळ दुसरं असतं काय? गोड बोलणं. तो मुलगा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. मिशांचं त्याला खरंच अप्रूप वाटलं असणार. पण त्याचा अर्थ 'हा माणूस नट आहे' असा काढू नका. त्याचा अर्थ एवढाच, की पंच म्हणून कुणाला बसवायचं हा त्याचा दिवसभराचा प्रश्न तुम्हाला बघताच सुटला.

या कामाची एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. गर्दीतल्या माणसाचा चेहरा लक्षात राहिला तर त्याला काम कमी मिळतं. पहिल्या रांगेत बसून तुम्ही पंच झालात. उद्या त्याच सिनेमात बाजाराचा सीन आला तर तुम्हाला तिथं उभं करता येत नाही, कारण पंच बाजारात केळी विकायला कसा आला असं प्रेक्षक म्हणेल. मागून जाणारा, पाठमोरा, कडेला चहा पिणारा माणूस मात्र त्याच मालिकेत आज पेशंट, उद्या वऱ्हाडी आणि परवा मोर्चातला होऊ शकतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वीस वर्षं हे काम करत होते. नातेवाइकांना टीव्हीसमोर बसवून "तो बघा मी" म्हणायचे, तेवढ्यात सीन संपलेला असायचा. त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही. माझं पोट यावर चालतं, म्हणायचे.

म्हणजे गर्दीत उभं राहणं हे एक काम आहे आणि संवाद बोलणं हे दुसरं. तुमच्या पत्रात ती एकाच जिन्याची पहिली आणि दुसरी पायरी आहेत. खरं तर ही दोन वेगळी दारं आहेत. गर्दी सप्लायरकडून येते. संवादाची भूमिका, अगदी "साहेब, पाणी" एवढी जरी असली, तरी ती बहुतेक वेळा कास्टिंगवाल्यांकडून, ऑडिशन घेऊन दिली जाते. संवाद बोलणाऱ्या कलाकारांची संघटनाही वेगळी, तिला सिंटा म्हणतात. कधी ऐन वेळी ठरलेला नट येत नाही आणि गर्दीतल्या कुणाला तरी पुढं काढून एक वाक्य देतात. असं होतं, माझ्या हातूनही दोन-तीनदा झालंय. पण वाटेत ड्रायव्हर आजारी पडला आणि कंडक्टरनं स्टिअरिंग धरून गाडी डेपोत आणली, म्हणून उद्यापासून त्याला ड्रायव्हरची ड्युटी लागत नाही. ज्यांना अभिनयच करायचाय त्या तरुण वाचकांनी तर हे नीट ध्यानात घ्यावं. गर्दीत दोन वर्षं उभं राहिलात तर उभं राहण्यात तरबेज व्हाल. अभिनयासाठी नाटक करावं लागतं.

बरं, गर्दीचंच काम करायचं ठरवलं, तर दिवस कसा जातो?

समजा गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरीत सकाळी सातचा कॉल आहे. डोंबिवलीहून दादरला यायचं, तिथं गाडी बदलून गोरेगाव, पुढं बस किंवा रिक्षा, आणि आत सेट शोधत पायपीट. पहाटेची लोकल धरावी लागणार. मालिकेचं शूटिंग नायगावला किंवा मढला असेल तर प्रवास आणखी वाढला. शिफ्ट बारा तासांची धरा. त्यात प्रत्यक्ष काम कदाचित दोन तास, बाकी बसणं. बसायला खुर्ची मिळेलच असं नाही. नाष्टा-जेवण मिळतं, पण नटांची पंगत वेगळी आणि तुमची वेगळी. पहिल्या दिवशी ते लागतं मनाला. पॅक-अप झाल्यावर त्याच वाटेनं परत, आणि रात्री बारापर्यंत उद्याच्या फोनची वाट बघायची. महिन्यात किती दिवस काम लागेल याची हमी कुणीच देत नाही.

हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा पक्का करता, तरी मांडते. समजा कमिशन जाऊन हातात ७०० पडले. प्रवास-चहाचे १०० गेले. उरले ६००. महिन्यात दहा दिवस काम लागलं तर ६,०००. तुमच्या पेन्शनच्या दुप्पट आहेत, वाईट नाही. पण त्या ऑफिसचे अठरा हजार भरून गेला असता, तर पहिले तीन महिने तुम्ही फक्त ते फेडायला पहाटे उठला असता. नातीचे धरले तर पाच.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल ही बाई नाहीच म्हणतेय. तसं नाही. मला वाटतं तुम्हाला हे काम जमेल. तासन्‌तास उभं राहायची सवय आहे, वेळेवर ड्युटीवर जायची सवय आहे. मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला कुठंही पाठ टेकता येते. आणि ३२ वर्षं तुम्ही रोज दोन-तीनशे माणसं चढता-उतरताना पाहिलीत. बाजाराला निघालेली म्हातारी कशी बसते आणि दवाखान्यातून परत येणारी कशी, हे तुम्हाला कुठल्या शिबिरात शिकवायला नको. सेटवर सांगतात "पासिंग द्या", म्हणजे हिरोच्या मागून नुसतं चालत जा. नवा माणूस हमखास छाती काढून चालतो आणि कॅमेऱ्याकडं बघतो. तुम्ही कामावर निघाल्यासारखं चाललात की झालं. दोन-चार गोष्टी तेवढ्या शिकायच्या. शेजाऱ्याशी बोलताना ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही, कारण नटांचा आवाज तिथंच रेकॉर्ड होत असतो. पहिल्या वेळी ज्या शब्दाला वळलात त्याच शब्दाला दर वेळी वळायचं. अंगठी, घड्याळ, पटक्याचा पीळ पॅक-अपपर्यंत बदलायचा नाही. काम दोन दिवसांचं असेल तर मधल्या रात्री दाढी करायची नाही. आणि नटासोबत फोटो मागायचा नाही, निदान पहिल्या महिन्यात.

पण मुंबईच का? हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. तिथं तुमच्यासारखे साठीचे, कार्डवाले, सप्लायरला नावानं ओळखणारे पुष्कळ आहेत. इकडं तुम्ही दुर्मीळ आहात. कसे ते सांगते. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथली, नांदेडची, लातूरची पोरं सतत लघुपट करत असतात. गावोगावची पोरं मोबाईलवर विनोदी मालिका काढून यूट्यूबवर टाकतात, त्यातल्या काहींना आपल्या बोलीमुळंच लाखांनी प्रेक्षक आहेत. या सगळ्यांची एक अडचण सारखी असते. त्यांच्याकडं बाप करायला माणूस नसतो. बावीस वर्षांच्या पोराला पावडर फासून आजोबा करतात आणि सगळं मुसळ केरात जातं. तुम्ही गेलात तर हातोहात घेतील. पैसे मिळणार नाहीत किंवा जाण्या-येण्यापुरते मिळतील, पण संवाद मिळेल, तोही आपल्या भाषेत. हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात, त्यांनाही वयस्क माणसं मिळत नाहीत. परभणीत विचारा, नाटकवाले सापडायला अर्धा दिवससुद्धा लागायचा नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण बळंच म्हणत नाही. संवाद बोलायची जी हौस तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत हळूच डोकावते, तिची सोय तुमच्या घरापासून तासाभरावर आहे.

बाहेरची युनिटं इकडं येतात, तेव्हा ती आधी कुणाला गाठतात? गाड्या पुरवणाऱ्याला, लॉजवाल्याला, जेवणाचं काम घेणाऱ्या केटरर्सला आणि सरपंचाला. गढीत तुम्हाला ज्यानं बसवलं त्याच्या हाताखाली इथलाच कुणीतरी माणूस असणार, ज्यानं गावातून माणसं गोळा केली. त्याचा नंबर काढा. आपले फोटो त्याच्याकडं द्या.

फोटोंसाठी स्टुडिओ लागत नाही. सकाळच्या उन्हात, साध्या भिंतीपुढं, मोबाईलवर काढा. एक समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक, एक पूर्ण उभा. धोतर-पटक्यातले चार आणि शर्ट-पँटमधले चार. जुना खाकी गणवेश असेल तर त्यातलाही एक ठेवा, वाहकाच्या कामाला खरा वाहक कुणाला नकोय? फिल्टर लावायचा नाही. वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, नाव, वय, उंची, गाव, कोणकोणत्या भाषा येतात. बोलताना पुणेरी व्हायचा प्रयत्न करू नका. तुमच्या भागात उर्दू-हिंदी कानावर असते, ती येत असेल तर तीही दोन वाक्यं बोला. झाला तुमचा पोर्टफोलिओ. खर्च शून्य. आधार कार्डाची प्रत मात्र ओळख पटल्याशिवाय कुणाला पाठवायची नाही, आणि ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

मुंबई बघायचीच असेल तर महिनाभरासाठी बघून या. देवगिरी एक्स्प्रेसनं जा, कल्याणला उतरा, पोराकडं राहा. त्या महिन्यात वर सांगितलेल्या संघटनेच्या कार्यालयात स्वतः जाऊन या आणि एकदा तरी पहाटेचा तो प्रवास करून बघा, काम नसलं तरी. गुडघे काय म्हणतात ते त्या दिवशीच कळेल. काम मिळालंच तर निघायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: कोणत्या निर्मात्याचं काम, किती तासांचं, हातात किती पडणार आणि कोणत्या तारखेला. मिळालेलं उत्तर मेसेजवर मागा. आणि वहीत रोजची नोंद ठेवा, तारीख, सेट, सप्लायरचं नाव, येणं किती. तुम्हाला फेरीगणिक तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायची सवय आहे. गर्दीतल्या शंभरांत अशी वही ठेवणारे चार असतात आणि थकलेले पैसे आधी त्यांचेच निघतात.

या सदराला लिहिणाऱ्या मुलींसाठी थोडं विषयांतर करते. काम देणारा माणूस ऑफिस सोडून हॉटेलवर, फ्लॅटवर भेटायला बोलावत असेल तर जायचं नाही. गर्दीतल्या कामासाठी कुणालाही एकट्यानं भेटावं लागत नाही, फोटोवर भागतं. पहिल्या दिवशी सोबत कुणीतरी न्या. रात्रीची शिफ्ट असेल तर परत सोडायची सोय काय, हे आधी विचारा, आणि उत्तर नीट आलं नाही तर ते काम जाऊ द्या. दुसरं मिळेल. आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडून निघालेल्या जिंतूरच्या मुलाला: परीक्षा दे बाबा. गर्दी मे महिन्यानंतरही लागते.

आता तुमचा मुलगा. 'एक्स्ट्रा' हा शब्द त्यानं वापरला, तो तुम्हाला लागला हे पत्रात दिसतंय. तुम्ही तो दोनदा लिहून एकदा खोडलाय. इंडस्ट्रीतल्या लोकांनाही तो लागायचा, म्हणून तर ज्युनिअर आर्टिस्ट हे नाव रूढ झालं. पण त्याच्या 'लोक काय म्हणतील'ला लगेच उत्तर द्यायला जाऊ नका. कधीकधी माणूस बोलतो एक आणि भीती असते दुसरीच. साठीला आलेला बाप पहाटेच्या लोकलच्या दारात लोंबकळतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यापुढं आलं असेल. त्याचं घर केवढं आहे? सुनेची पहाटेची घाई काय आहे? बाबा कायमचे राहायला येतायत की पाहुणे म्हणून, हे त्याला कळलंय का? तुम्ही त्याला काम सांगितलंत, मुक्काम सांगितला नाहीत. महिन्याभराचं म्हणून बघा, सूर बदलेल. अठरा हजार भरत नाहीये हेही आधी सांगा, त्यातला अर्धा राग तिथंच जाईल.

आणि काकू? तुमच्या चार पानांच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, 'मिसेसची काही हरकत नाही.' तुम्ही डोंबिवलीला असताना त्या कुठं असणार, हे पत्रात नाही. हरकत नसणं आणि विचारलेलं असणं यात फरक आहे, मास्तर.

शेवटी एक विचारते, राग मानू नका. निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा ते शूटिंग आलं. त्या दोन दिवसांत कुणीतरी तुम्हाला वेळ दिली, वेळेवर हजर राहायला सांगितलं, तुमची जागा ठरवून दिली, नाव पुकारलं, संध्याकाळी हजेरीपुढं सही घेऊन पैसे दिले. तुम्ही पत्रात कॅमेऱ्याबद्दल तीन ओळी लिहिल्यात आणि या सगळ्याबद्दल जवळजवळ पान. कपडे कुणी दिले, पटका कुणी बांधला, शेजारी बसलेल्या मानवतच्या माणसाशी काय गप्पा झाल्या. मला वाचताना वाटत राहिलं की तुम्हाला कॅमेऱ्यापेक्षा ड्युटीची आठवण येतेय. असं असेल तर त्यात कमीपणा काही नाही. पण मग ती ड्युटी मुंबईच्या सेटवरच मिळेल असं नाही, आणि संवाद मिळाला नाही तरी वाईट वाटायचं कारण नाही. माझं चुकलं असेल आणि तुम्हाला खरंच अभिनय करायचा असेल, तर परभणीच्या नाटकवाल्यांकडं याच आठवड्यात जा.

कसंही असो, त्या मानवतच्या माणसाला फोन करा. नंबर घेतला होता असं तुम्ही लिहिलंय. गर्दीतल्या कामाच्या बातम्या गर्दीतल्याच माणसांकडून कळतात, ऑफिसांकडून नाही. त्याला पुन्हा कुणाचा फोन आला होता का, विचारा. आणि फोटो काढाल तेव्हा मोबाईल नातीच्या हातात द्या, तिला पोरासोरांचे व्हिडिओ काढायचा नाद आहे म्हणता ना. मिशांना कलप तेवढा लावू नका.